नाव, नोंद आणि हाक

आम्ही ज्या महाविद्यालयात अध्यापन करतो तेथील एका शिपायाच्या सेवानिवृत्तीनिमित्त गेल्या वर्षाच्या अखेरीस एक लहानसा समारंभ झाला. सूचनाफलकावरील नोटीस वाचून आम्ही शेजारच्या सहकाऱ्यास विचारले, "हे गृहस्थ कोण?" सहकाऱ्याने काही न बोलता दाराकडे पाहिले. हजेरीपट हाती घेऊन ते गृहस्थच तेथे उभे होते. बावीस वर्षे त्यांनी आमच्यासाठी वर्ग उघडले, खडू आणले, पावसाळ्यात गळक्या खिडकीखालचे आमचे ग्रंथ उचलून कोरड्या जागी ठेवले. आणि या बावीस वर्षांत 'शिपाई' किंवा 'अहो, जरा इकडे या' याखेरीज आम्ही त्यांस कोणतीही हाक मारली नव्हती. आम्ही इतिहास शिकवतो. पेशव्यांची वंशावळ, तहांची कलमे, लढायांच्या तिथी आम्हांस मुखोद्गत आहेत. ज्याला आपण रोज पाहतो त्या मनुष्याचे नाव मात्र आम्हांस नोटिशीवरून कळावे, ही गोष्ट आम्हांस लाजविणारी होती.

स्वतःच्या प्रमादाची जाहीर कबुली देणे एवढाच या लेखाचा हेतू असता, तर वाचकांचा वेळ आम्ही घेतला नसता. परंतु त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून बसला आहे. महाराष्ट्रात मनुष्यांनी मनुष्यांस आजवर कोणत्या नावाने हाक मारली, आणि कोणाचे नाव कोणाच्या तोंडी कधीच आले नाही? आमचे क्षेत्र इतिहासाचे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आम्ही इतिहासातच शोधू पाहत आहोत.

नावाचे वजन काय असते हे मराठी भाषेस पुरतेपणी ठाऊक आहे. मूल जन्मले की आपण त्याचे नाव ठेवतो. ते मोठे होऊन वाईट वागले की लोक त्यास नावे ठेवतात. पराक्रमी पुत्र घराण्याचे नाव काढतो, करंटा ते बुडवतो. ज्याच्याशी संबंध तोडावयाचा त्याचे आपण नाव टाकतो. आणि विवाहप्रसंगी वधू पतीचे नाव घेते. ठेवणे, काढणे, बुडविणे, टाकणे, घेणे अशा साऱ्या क्रिया ज्या वस्तूवर घडतात ती वस्तू केवळ ध्वनी असणे शक्य नाही. ती एक प्रकारची मालमत्ता आहे. आणि मालमत्ता म्हटली की तिची वाटणी आली, वाटणी आली की अन्यायही आला.

ही वाटणी आमच्या धर्मशास्त्राने फार प्राचीन काळी करून ठेवली. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचे नियम आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे किळस उत्पन्न करणारे असावे, असे तेथे सांगितले आहे. त्याच अध्यायात गुरूचे नाव त्याच्या पाठीमागेदेखील नुसते, आदरवाचक शब्दावाचून, उच्चारू नये अशी आज्ञा आहे. आणि परस्त्रीशी बोलताना तिला भगिनी म्हणावे असा सौजन्याचा नियमही आहे. येथवर कोणी म्हणेल की हा शिष्टाचार आहे. परंतु आठव्या अध्यायात याच शिष्टाचाराची दुसरी बाजू दिसते. शूद्राने द्विजांच्या नावाचा व जातीचा द्रोहबुद्धीने उच्चार केला तर दहा अंगुळे लांबीची तापलेली लोखंडी खीळ त्याच्या तोंडात घालावी, असा दंड तेथे सांगितला आहे. ही शिक्षा प्रत्यक्षात किती जणांस दिली गेली हा प्रश्न निराळा. नियमामागील कल्पना मात्र स्पष्ट आहे. वरच्याचे नाव खालच्याच्या तोंडी येता कामा नये, आणि खालच्याचे नाव असे असावे की ते घेणाऱ्यास तिटकारा यावा. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे या ग्रंथाचे दहन झाले, तेव्हा त्या ज्वाळेत जळणाऱ्या अनेक नियमांपैकी हेही नियम होते, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

शास्त्राचे नियम ग्रंथात राहतात. व्यवहार कागदपत्रांत दिसतो. मराठेशाहीतील पत्रे ज्यांनी चाळली आहेत त्यांस ठाऊक आहे की पत्राचा मायना पाहूनच ते कोणास लिहिले आहे हे पुष्कळदा सांगता येते. विद्वान ब्राह्मणास 'वेदशास्त्रसंपन्न', सरदारास 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री', वडिलांस 'तीर्थस्वरूप', मुलास 'चिरंजीव', सुवासिनीस 'सौभाग्यवती', विधवेस 'गंगाभागीरथी'. आणि गावच्या पाटलास 'मोकदम मौजे अमुक' एवढे पुरेसे होई. हेमाडपंताच्या नावावर चालत आलेल्या 'मेस्तका'पासून पुढे चिटणिशी लेखनाचे एक शास्त्रच बनले, आणि मायन्यात एक शब्द कमी पडला तरी रुसवेफुगवे होत. त्या मायन्यांचे अवशेष आमच्या पूर्वीच्या मासिकांत लेखकांच्या नावामागे 'रा. रा.' या रूपाने दिसत, लग्नपत्रिकांत 'ती.', 'चि.', 'सौ.', 'गं. भा.' या रूपाने ते आजही दिसतात. या मायन्यांत सौंदर्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यांत एक चमत्कार आहे तो पाहण्याजोगा आहे. मायना मनुष्याचे वर्णन करीत नाही, त्याची पायरी सांगतो. 'गंगाभागीरथी' हे शब्द वाचून त्या स्त्रीविषयी आपणांस एकच गोष्ट कळते. ती ही की तिचा नवरा मेला आहे.

नावामागे लागणाऱ्या शब्दांप्रमाणेच नावापुढे लागणारे प्रत्ययही पायरी सांगतात. 'धोंडो' हे एकच नाव घ्यावे. ज्या घरी मुले जगत नसत तेथे दैवाने याकडे दृष्टी वळवू नये म्हणून दगडू, धोंडू, भिकू, कचरू अशी नावे ठेवीत, आणि ही समजूत ब्राह्मणांपासून महारांपर्यंत सर्व जातींत होती. तेव्हा नावात उच्चनीच काही नव्हते. परंतु १८५७ च्या उठावातील नानासाहेब पेशवे हे धोंडोपंत. महर्षी कर्वे हे धोंडो केशव. १८०० साली आर्थर वेलस्लीच्या फौजेशी लढताना पडलेला बंडखोर आपल्याकडे धोंडजी वाघ आणि इंग्रजी कागदांत 'धुंडिया'. आणि आमच्या लहानपणी गावच्या चावडीपुढे बसणारा तो नुसता 'धोंड्या'. पंत, राव, जी, शेट, बा, नाक, आणि सर्वांत खाली तो 'या', अशी ही प्रत्ययांची शिडी आहे. आईबापांनी सर्वांस नाव सारखेच दिले. समाजाने हाक मात्र निरनिराळी मारली.

या शिडीवरील 'नाक' या प्रत्ययाजवळ थोडे थांबले पाहिजे. तो महारांच्या नावांस लागे. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी कोरेगाव येथे पेशव्यांच्या सैन्याशी कंपनीच्या फौजेची जी लढाई झाली तिचा स्तंभ तेथे उभा आहे. त्यावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या ४९ शिपायांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांपैकी २२ नावांच्या अंती 'नाक' आहे. हा स्तंभ पुढे एका मोठ्या चळवळीचे तीर्थ झाला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तेथे गेले होते. लढाईच्या राजकीय अर्थाविषयी पुष्कळ वाद झाले आहेत. त्या वादात न शिरता आम्ही एवढेच विचारतो की या बावीस मनुष्यांस त्यांच्या गावी कोण नावाने हाक मारीत होते? गावात त्यांस 'अरे महारा' अशी हाक येई, आणि त्यांनी 'जोहार, मायबाप' असे उत्तर द्यावयाचे असे. या संभाषणात दोन्ही बाजूंनी नाव नाही. एका बाजूस जात आहे, दुसऱ्या बाजूस मायबाप आहे. माणूस कोणत्याच बाजूस नाही. त्याच मनुष्याचे नाव दगडावर कोरले गेले, तेही ज्यांचा त्याच्याशी देशाचा, भाषेचा, धर्माचा कसलाही संबंध नव्हता अशा परक्यांकडून.

यावरून परक्यांच्या उदारपणाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पलटणीस हजेरीपट लागतो, पगारपत्रक लागते, मेलेल्याच्या वारसास पेन्शन द्यावयाचे तर नाव लागते. कंपनीने नाव नोंदले, कारण नोंदीवाचून तिचे काम चालत नव्हते. आणि नोंद म्हणजे हाक नव्हे, याचे प्रत्यंतर त्याच साम्राज्याने अन्यत्र दिले. १८३४ पासून मॉरिशस बेटावरील उसाच्या मळ्यांत हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांत कोकणातून आणि मुंबई इलाख्याच्या इतर भागांतून गेलेले मराठी लोकही होते. बंदरावर उतरलेल्या प्रत्येक मजुराच्या नावापुढे एक क्रमांक पडे. कारकुनास आपली भाषा येत नसे, आपल्यास कारकुनाची येत नसे. तेव्हा नाव कानावर जसे पडले तसे, इंग्रजी किंवा फ्रेंच वळणाने, वहीत उतरे. कित्येक कुटुंबांत आजोबाचे पाळण्यातील नाव हेच पुढे नातवंडांचे आडनाव झाले. त्या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत, आणि पूर्वजांचा शोध घेणारे वंशज तेथे जातात तेव्हा त्यांस वाट दाखविणारा असतो तो मजुराचा क्रमांक. नोंद राहिली हे त्यांचे भाग्यच. पण ज्या मळ्यात त्या मनुष्याने हाडे झिजविली तेथे त्यास कोणी त्याच्या नावाने साद घातली असेल की काय, हे वही सांगत नाही. नोंद ही नोंद करणाऱ्याच्या सोयीसाठी असते. हाक मात्र ज्याला मारली त्याने उत्तर द्यावे म्हणून असते. ज्याला आपण नावाने हाक मारतो त्यास उत्तर देण्याचा अधिकार आहे, हे हाक मारतानाच आपण मान्य केलेले असते. आमच्या मते नावाच्या साऱ्या इतिहासाचे मर्म या भेदात आहे.

हा भेद महाराष्ट्रात कोणी ओळखला असेल तर तो प्रथम संतांनी. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीने आपले नाव घालावे ही आमच्याकडील रीत सर्वांस परिचित आहे. पण तीत केवढे धैर्य आहे इकडे आमचे लक्ष जात नाही. तेथे कवी स्वतःस 'तुका' म्हणतो, 'नामा' म्हणतो, 'जनी' म्हणते, 'चोखा' म्हणतो. तुकोबा, नामदेवराय, जनाबाई, चोखोबा हे आदर लोकांनी मागाहून जोडले. ज्यांस गावाने नुसती जातीची किंवा कामाची हाक मारली, त्या शिंप्याने, दासीने, महाराने आपले नाव स्वतःच्या तोंडाने घेतले, आणि तेही देवासमोर. देवासही त्यांनी एकेरीत पुकारले. देवाचे नाव घेण्यास अधिकार लागत नाही हा नामस्मरणाचा सिद्धान्त. ज्याचे नाव कोणीही घेऊ शकतो असा देव त्यांनी निवडला यात नवल ते काय? परंतु या उज्ज्वल प्रकरणातही एक काळी रेघ आहे. चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई हिचे अभंग उपलब्ध आहेत. त्यांत ती स्वतःस बहुधा 'चोख्याची महारी' म्हणवते. पतीचे नाव आहे, जातीचे नाव आहे. स्वतःचे नाव ठेवावयास जागा राहिलेली नाही. देवापुढे उभी राहिलेली ही बाई देवासही आपली ओळख नवऱ्याकरवी करून देते.

स्त्रियांच्या नावांचा प्रश्न येथे आपोआपच निघतो, आणि तो आमच्या साऱ्या समाजाचा आहे, एका जातीचा नव्हे. विवाहाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहावयाचे, आणि त्या क्षणापासून माहेरचे नाव गेले, ही चाल आमच्या घरोघर होती. कित्येक घरी अजून आहे. तिचा परिणाम पाहावयाचा असेल तर गेल्या शतकांतील थोर स्त्रियांचीच नावे पाहावी. न्यायमूर्ती रानडे यांच्याशी १८७३ साली विवाह झालेल्या रमाबाई या माहेरच्या यमुना कुर्लेकर. परदेशी जाऊन १८८६ साली वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच. झांशीच्या राणी लक्ष्मीबाई या मनकर्णिका, १८४२ च्या विवाहानंतर लक्ष्मी झाल्या. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक याही मनकर्णिकाच, त्याही विवाहानंतर लक्ष्मी. महर्षी कर्वे यांनी १८९३ साली ज्या बालविधवेशी पुनर्विवाह केला त्या गोदूबाई; त्यांचेही नाव आनंदीबाई ठेवण्यात आले. सुधारणेच्या अग्रभागी उभ्या असलेल्या या विवाहातदेखील जुनी चाल सुटली नाही. दोन यमुना आणि दोन मनकर्णिका. नद्यांची आणि तीर्थांची ही नावे सासरच्या उंबऱ्यावर थांबली. न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी या गावी आनंदीबाईंचे स्मारक आहे. त्या शिलेवर जे नाव आहे ते नवऱ्याने ठेवलेले. आईने ज्या नावाने हाक मारली त्याची खूण तेथे नाही.

एकीकडे स्वतःचे नाव जावे, आणि दुसरीकडे पतीचे नाव तोंडी येऊ नये! रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हा अत्यंत वाचनीय ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला. ज्या पुरुषाविषयी तो सारा ग्रंथ आहे त्याचा निर्देश त्या 'स्वतः' या एका सर्वनामाने करीत जातात. हे वाचताना प्रथम हसू येते, मग डोळे ओलावतात. तेथे अनादर नाही, भीतीही नाही; अपार आदर आहे. वर्षांतून चार प्रसंगी उखाण्यात नाव घेण्याची मुभा असे. पण उखाण्याचे यमक हे त्या नावावरील पांघरूणच होते. त्या तुलनेत सावित्रीबाई फुले यांनी १८५६ ते १८७७ या काळात पतीस लिहिलेली तीन पत्रे वाचावी. मायन्यातच जोतीबांचे नाव आहे, आणि त्यास जोडलेला आदरही आहे. आदर आणि नाव ही एकत्र नांदू शकतात याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. १८६८ च्या पत्रात त्यांनी गावकऱ्यांच्या रोषातून सोडविलेल्या एका जोडप्याची हकीकत आहे. मुलगा ब्राह्मण, मुलगी महार. सावित्रीबाई त्या दोघांसही नावाने ओळखतात. मुलगा गणेश, मुलगी सारजा. एरवी त्या काळच्या कागदांत ती 'एक महारीण' होऊन राहिली असती. लिहिणारीने नाव लिहिले म्हणून दीडशे वर्षांनंतर आम्हीही तिला सारजा म्हणू शकतो.

व्यक्तीप्रमाणे समाजासही नाव असते, आणि तेथेही प्रश्न तोच. ते ठेवावयाचे कोणी? ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव चढले. नोंद झाली, पण शाळेत त्या मुलास वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, आणि शिपायाने नळ सोडल्यावाचून त्यास पाणी मिळत नसे, हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. नोंद आणि हाक यांतील अंतर याहून स्पष्टपणे कोणी सांगू शकणार नाही. हाच मुलगा मोठा झाल्यावर त्याच्या समाजास नवे नाव देण्याचा प्रश्न उपस्थित झाला. महात्मा गांधींनी 'हरिजन' हा शब्द रूढ केला, आणि १९३३ साली त्याच नावाचे साप्ताहिक सुरू केले. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि १९३८ सालच्या जानेवारीत मुंबईच्या विधानसभेत स्थानिक संस्थांविषयीच्या कायद्यात हा शब्द घालण्याचा विषय निघाला, तेव्हा आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्यास कसून विरोध केला, आणि ज्यांचे नाव त्यांचेच मत डावलले गेल्यावर सभात्याग केला. कित्येकांस हा हट्ट वाटला. नाव तर चांगले, देवाचे आहे; मग राग कशाचा? आम्हांसही तरुणपणी असेच वाटे. आज वाटत नाही. गोड नाव आणि कडू नाव यांत फरक आहेच. पण दुसऱ्याने ठेवलेले नाव आणि आपण घेतलेले नाव यांतील फरक त्याहून मोठा आहे. त्याच दशकात कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी 'जय भीम' हे अभिवादन प्रचारात आणले. ज्यांच्या पूर्वजांस 'जोहार, मायबाप' म्हणावे लागे, त्यांनी एकमेकांस भेटताना एका मनुष्याचे नाव घ्यावे, आणि ते नाव भिवाचे, म्हणजे साताऱ्याच्या शाळेत निराळ्या गोणपाटावर बसलेल्या मुलाचे असावे, ही आमच्या सामाजिक इतिहासातील फार मोठी घटना आहे. तिच्यासाठी एकही तोफ उडाली नाही. म्हणूनच की काय, इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत तिला ओळभरही जागा मिळत नाही.

येथे एका आक्षेपाचे उत्तर दिले पाहिजे. कोणी म्हणेल, मग काय सर्वांस पाश्चात्त्यांप्रमाणे उघड्या नावाने पुकारावे? आईस, गुरूस, सासऱ्यास? तसे आमचे म्हणणे नाही. नाव न घेण्याचे दोन प्रकार आहेत, आणि ते ओळखावयास शिकले पाहिजे. एक मौन आदराचे असते. नाव ठाऊक असते, ओठांवर असते, पण मोठेपणा राखण्यासाठी ते उच्चारले जात नाही. दुसरे मौन बेफिकिरीचे असते. नाव घेतले जात नाही, कारण ते विचारण्याची कोणास गरजच वाटली नाही. आमच्या समाजात ही दोन मौने समोरासमोर उभी राहिली. खालचा वरच्याचे नाव आदराने घेत नव्हता. वरचा खालच्याचे नाव अनास्थेने घेत नव्हता. आणि दोन्हीकडे शांतता सारखीच असल्यामुळे सर्व काही सुरळीत चालले आहे असे वाटत राहिले. आजही मोठमोठ्या कचेऱ्यांत साहेबास पाळण्यातील नावाने हाक मारण्याची फॅशन पडली आहे. पण त्याच कचेरीच्या दारावरील पहारेकरी 'सिक्युरिटी' असतो, आणि फरशी पुसणारी बाई 'मावशी' असते. 'मावशी' हा शब्द गोड आहे, नात्याचा आहे. आम्ही तो टाकावा असे म्हणत नाही. मात्र कधी कधी त्या गोडव्याआड नाव न विचारण्याची सोय लपलेली असते, हे आम्हांस स्वानुभवाने ठाऊक आहे.

तो स्वानुभव सांगून लेख संपवितो. समारंभाच्या दिवशी आम्हांस दोन शब्द बोलावयाचे होते. नोटिशीवरून नाव पाठ करून आम्ही ते भाषणात तीन वेळा उच्चारले, आणि मनातून थोडे समाधानही पावलो. चहाच्या वेळी आम्ही त्यांच्यापाशी जाऊन बसलो, आणि घरची मंडळी आपणांस काय म्हणतात असे विचारले. ते काही वेळ संकोचले. मग म्हणाले की सर, नोटिशीवर आहे ते आमचे आडनाव नव्हे. नेमणुकीच्या दिवशी कारकुनाने एक अक्षर चुकवले. दुरुस्तीस अर्ज केला असता तर पगार अडकला असता, आणि पुढे पेन्शनचे कागद अडकू नयेत म्हणून तसेच राहू दिले. तेव्हा बावीस वर्षे आमची हाक नव्हती, आणि नोंद होती तीही चुकीची होती. त्यांनी आम्हांस त्या बावीस वर्षांत कधीही नावाने संबोधिले नव्हते. आमचे पूर्ण नाव, आमच्या वडिलांच्या नावासह, त्यांस ठाऊक होते.

त्यांचे खरे नाव आता आम्हांसही ठाऊक आहे. ते येथे छापण्याची परवानगी आम्ही मागितलेली नाही; रस्त्यात भेटतात तेव्हा त्या नावाने हाक मारतो, तेवढे पुरे आहे. या सत्रापासून वर्गातील हजेरी क्रमांकाऐवजी नावाने घेण्यास आम्ही सुरुवात केली आहे. तासातील चार-पाच मिनिटे त्यात अधिक जातात. पहिल्या आठवड्यात कित्येक नावांचे उच्चार आमच्याकडून चुकले. ज्यांची होती त्यांनी ते दुरुस्त करून दिले.